चिलटाच्या आतड्यातलं जेएनके

दिवाळी झाली, कापसाचा पहिला वेचा घरात आला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हवा उतरते. चिलटांवर प्रयोग करायचे तर ते तेव्हाच. ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर, म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंगावणारं ते लाल डोळ्यांचं चिलट, २५ अंशांवर सुखात असतं. अंड्यापासून माशी व्हायला तेव्हा साधारण दहा दिवस लागतात, १८ अंशांवर जवळपास दुप्पट. पारा ३० च्या वर गेला की नर वांझ व्हायला लागतात, आणि आमच्याकडे मे महिन्यात तो ४५ च्या पुढे जातो. त्यामुळे उन्हाळ्यात नुसत्या माश्या जगवायच्या आणि काम हिवाळ्यात उरकायचं, असा आमचा शिरस्ता.

मी तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवते. गेल्या हिवाळ्यात एमएस्सीच्या मुलामुलींना सोबत घेऊन माशीच्या आतड्यात जेएनके या प्रोटीन कायनेजचा, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवणाऱ्या प्रथिनाचा, माग काढला. अशी कामं पुण्या-बंगळुरूलाच होतात असं आमच्या मुलांना वाटतं. ते ऐकलं की मला वाईट वाटतं, म्हणून हे जरा तपशिलात लिहिते आहे.

आधी विषय कुठून आला ते. माझ्या वडिलांचं वावर गावाला लागूनच आहे, कापूस आणि तूर. निंदायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर वेळेवर मिळत नाहीत. मग धुऱ्यावर आणि कापसाच्या दोन तासांमध्ये तणनाशक मारतात. त्यातलं एक पॅराक्वाट. सकाळी फवारलं की उन्हं चढेपर्यंत गवत मान टाकतं. २०१७ च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर विषबाधेने गेले. ती औषधं किडींवरची होती, पॅराक्वाट नव्हे. पण तेव्हापासून माझ्या वर्गातलं प्रत्येक मूल ‘विष शरीरात गेल्यावर नेमकं काय करतं’ हा प्रश्न घेऊन येतं. पाठ्यपुस्तकात त्याचं उत्तर दोन ओळींत संपतं.

पॅराक्वाटचं काम रसायनशास्त्राच्या दृष्टीने फार स्वच्छ आहे. हिरव्या पानात ते प्रकाशसंश्लेषणाच्या साखळीतून इलेक्ट्रॉन उचलतं आणि ऑक्सिजनला देतं. त्यातून सुपरऑक्साइड हे पेशीला मारक असं ऑक्सिजनचं रूप तयार होतं, आणि पॅराक्वाट पुन्हा मोकळं होऊन पुढचा इलेक्ट्रॉन उचलायला तयार. हे चक्र चालूच राहतं, म्हणून थोडंसं विषही पुष्कळ नुकसान करतं. प्राण्यात पानं नसली तरी इलेक्ट्रॉन देणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, आहेतच, त्यामुळे चक्र तिथेही फिरतं. माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. आणि नेमक्या याच गुणामुळे जगभरच्या माशीच्या प्रयोगशाळांत ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे असल्या मारक ऑक्सिजनचा मारा, द्यायचा तर पॅराक्वाटच वापरतात. आमच्या कृषी केंद्राच्या फळीवरची वस्तू आणि संशोधनाच्या निबंधातली वस्तू एकच निघाली, तेव्हा विषय ठरून गेला.

आता कायनेज. एटीपी या पेशीतल्या ऊर्जेच्या रेणूवरचा फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाला चिकटवणारं प्रथिन ते कायनेज. फॉस्फेट चिकटला की समोरच्या प्रथिनाचं वागणं बदलतं: झोपलेलं जागं होतं किंवा जागं असलेलं थांबतं. माशीत अशी दोनशेहून अधिक कायनेजं आहेत. ताण आला की जे पुढे येतं त्याचं नाव जेएनके. माणसात जेएनकेची तीन जनुकं आहेत. माशीत एकच आहे, त्याला बास्केट म्हणतात. एकच असल्यामुळे माशीत त्याचा अभ्यास सोपा जातो. एकाचं काम दुसऱ्याने झाकलं असेल ही शंका राहत नाही. बास्केटला जागं करणारं त्याच्या वरचं कायनेज हेमिप्टेरस. बास्केट जागं झालं की केंद्रकातली जून आणि फॉस ही प्रथिनं कामाला लागतात आणि काही ठरावीक जनुकं चालू होतात. त्यातलं एक जनुक पकर्ड. या पकर्डचं प्रथिन फॉस्फेट काढून घेणारं आहे, आणि ते काढतं कोणाचा, तर बास्केटचाच. म्हणजे जेएनके स्वतःच स्वतःचा ब्रेक तयार करून ठेवतं. ही व्यवस्था मी पहिल्यांदा वाचली तेव्हा फार आवडली होती, अजूनही शिकवताना आवडते.

इथे एक गोष्ट मुलांना समजावून सांगायला मला बराच वेळ द्यावा लागला, आणि सगळ्या कामाचं मर्म तीच आहे. कायनेजच्या जनुकाची अभिव्यक्ती, म्हणजे त्याच्या आरएनए नकला किती बनल्या ते, मोजणं वेगळं आणि कायनेजचं काम मोजणं वेगळं. गावात मोटारपंप किती बसवलेत हे मोजून ओलित किती झालं ते कळत नाही. लाइन किती वेळ होती ते पाहावं लागतं. बास्केटचा आरएनए म्हणजे बसवलेले पंप. फॉस्फेट चिकटला की लाइन आली. पेशीत बास्केट आधीपासूनच भरपूर असतं, ताण आल्यावर नवीन बनवत बसायला वेळ नसतो. त्यामुळे बास्केटचा आरएनए फारसा हलणार नाही आणि पकर्डचा हलेल, असं आम्ही आधीच वहीत लिहून ठेवलं. मग दोन्ही मोजायचं ठरवलं. आकडा न हलणं हासुद्धा निकाल असतो, हे मुलांनी स्वतः पाहावं अशी माझी इच्छा होती.

माश्यांचं खाणं आम्ही म्हैसूरकडच्या पद्धतीने करतो: एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम गूळ, १० ग्रॅम अगर, आणि उतरवल्यावर साडेसात मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल, म्हणजे बुरशी धरत नाही. वरून सुकं यीस्ट भुरभुरवायचं. बाटल्यांची बुचं कापसाची. औषधाच्या दुकानातला कापूस यासाठी चालत नाही, त्याच्यावरचं मेण काढलेलं असतं आणि तो ओल धरतो. जिनिंगमधून सरकी काढलेली रुई आणली की काम होतं. तिच्यावर मेण तसंच असतं, पाणी लागत नाही, हवा मात्र जाते. रुईला आमच्या जिल्ह्यात तोटा नाही.

उन्हाळ्यात माश्या जगवायला एका मोठ्या माठात दुसरा लहान माठ ठेवतो, मधल्या फटीत वाळू भरतो आणि वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो. इकडचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं आणि आतल्या माठात माश्यांना सोसवेल इतका गारवा राहतो. लाइन गेली तरी या व्यवस्थेला धक्का लागत नाही, म्हणून माझा तिच्यावर इन्क्युबेटरपेक्षा जास्त भरवसा आहे. प्रयोगशाळेतले परिचर भाऊ सुट्टीच्या दिवशीही येऊन पाणी घालून जातात. त्यांच्याशिवाय आमच्या माश्या एकाही मे महिन्यातून निभावल्या नसत्या.

पकर्ड कधी चालू होतं ते डोळ्यांनी दिसावं म्हणून एक खास माशी आहे. तिच्या पकर्ड जनुकात ई. कोलाय जिवाणूचं लॅकझेड हे जनुक येऊन बसलेलं आहे. पकर्ड चालू झालं की लॅकझेडही चालू होतं आणि बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर बनतं. एक्स-गाल नावाचं रसायन दिलं की हे विकर ते तोडतं आणि निळा रंग उमटतो. ही जनुक बदललेली माशी, त्यामुळे १९८९ च्या नियमांप्रमाणे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. ती हातात आल्यावरच माश्या बंगळुरूहून मागवल्या. कुरिअरच्या खोक्यात, बोटाएवढ्या नळ्यांमधून आल्या.

पकर्डच्या दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तर माशी जगत नाही, म्हणून हा वाण टीएम३ या बॅलन्सर, म्हणजे बदललेली प्रत पिढ्यानपिढ्या टिकवून ठेवणाऱ्या, गुणसूत्रासोबत सांभाळतात. त्याची खूण पाठीवर असते. साध्या माशीच्या पाठीचे केस लांब, टोकदार आणि मागे वळलेले. बॅलन्सरवालीचे आखूड, जाडसर, खुरटलेले. साध्या ओरेगॉन-आर जातीच्या कुमारी माद्या या वाणाच्या नरांबरोबर सोडायच्या आणि पुढच्या पिढीत लांब केसांच्या तेवढ्या निवडायच्या. कुमारी माद्या ओळखणं हा शिकण्यासारखा भाग आहे. कोशातून नुकतीच बाहेर आलेली मादी फिकट, फुगीर असते, पंख अजून चुरगळलेले, आणि पोटाच्या कातडीखालून एक गडद हिरवट डाग दिसतो. तो डाग काही तासांनी जातो. २५ अंशांवर आठ तासांच्या आत वेगळ्या केल्या तर त्या कुमारी धरता येतात. आमची एक विद्यार्थिनी आर्णी रस्त्यावरच्या गावाहून येते. पहाटेच्या पहिल्या एसटीने येऊन ती हे काम करायची आणि डाग कोणाला दिसला नाही तरी तिला दिसायचा.

या वाणाबद्दल एक गोष्ट समजून घेणं भाग आहे. लॅकझेड जिथे घुसलं तिथलं पकर्ड बिघडतं, म्हणजे या माश्यांत ब्रेक निम्माच असतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं होतं की अशा माश्या पॅराक्वाट जास्त सोसतात आणि जास्त जगतात. जेएनके जरा जास्त चाललं तर माशीचा फायदा होतो. उलट २००८ मध्ये म्हाताऱ्या माश्यांच्या आतड्यात दिसलं की तेच जेएनके सतत चालू राहिलं तर नवीन पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी बेसुमार वाढतात आणि आतड्याची घडी विस्कटते. त्यामुळे ‘जेएनके चांगलं की वाईट’ हा प्रश्न मी वर्गात विचारू देते, पण कुठे आणि किती वेळ हे विचारल्याशिवाय त्याचं उत्तर देऊ देत नाही.

पॅराक्वाट आम्ही रसायन पुरवणाऱ्याकडून शुद्ध स्वरूपात मागवलं. शेतातली बाटली मुद्दाम टाळली. तिच्यात उलटी व्हावी म्हणून घातलेला पदार्थ असतो, रंग असतो, उग्र वास असतो, पानावर पसरायला मदत करणारं रसायन असतं. माशीला काही झालं तर ते कशामुळे हे सांगता आलं नसतं. हातमोजे, चष्मा, वेगळी बाजू, वेगळा कचरा, आणि द्रावण मीच करणार, मुलं नाहीत. यात मी कधीच सूट देत नाही. पाच टक्के साखरेच्या पाण्यात विष, ते गाळणकागदावर, कागद नळीच्या तळाशी. दुसऱ्या गटाला नुसतं साखरेचं पाणी. माश्या एकाच वयाच्या माद्या, नरांबरोबर राहिलेल्या, कारण मिलनानंतर मादीचं आतडं वाढतं आणि कुमारी माद्या मिसळल्या तर तुलना बिघडते. देण्याआधी थोडा वेळ उपाशी ठेवल्या, म्हणजे सगळ्या लगेच खातात. माश्या निपचित करायला ईथर वापरलं नाही, नळ्या बर्फात ठेवल्या. विषाचाच प्रयोग करायचा तर दुसरं रसायन मध्ये नको.

आता आतडं काढणं. माझ्या मते या सगळ्यात सुंदर काम हेच.

काचपट्टीवर पीबीएसचा, म्हणजे पेशींना मानवणाऱ्या खारट द्रावणाचा, गार थेंब. त्यात माशी पाठीवर. डाव्या हातातल्या बारीक चिमट्याने छाती धरायची, उजव्या हातातल्या चिमट्याने पोटाचं शेवटचं टोक, आणि हळू, एका दमात, ओढायचं. कातडी सुटते आणि मागोमाग आतडं बाहेर येतं. घाई केली तर मधेच तुटतं, फार हळू ओढलं तर अंडाशय त्याच्यावर गुंडाळतात. माशी जेमतेम तीन मिलिमीटरची, आणि आतडं सरळ केलं तर तिच्या दुप्पट भरतं. पुढे गळ्याशी प्रोव्हेंट्रिक्युलस हा गोल गठ्ठा, त्याच्या बाजूला क्रॉप ही अन्न साठवायची पिशवी, मग लांबलचक मधलं आतडं, आणि जिथे मागचं आतडं सुरू होतं तिथे माल्पीघीच्या नलिकांच्या दोन जोड्या, पिवळसर, पाण्यात आपोआप हलणाऱ्या. माशी मेली तरी आतडं काही वेळ आकुंचन पावत राहतं. पहिल्यांदा ते पाहताना मुलं काहीही बोलत नाहीत. मीही तेव्हा काही सांगत नाही, पाहू देते.

मधलं आतडं एकसारखं नसतं हे दाखवायला स्वस्त उपाय आहे. खाण्यात ब्रोमोफिनॉल ब्लू घालायचं. हा रंग आम्लात पिवळा आणि त्याबाहेर निळा असतो. काढलेलं आतडं निळं दिसतं, आणि बरोबर मधल्या एका पट्ट्यात पिवळं. तिथे तांबं साठवणाऱ्या पेशी आहेत, त्या आम्ल सोडतात. माणसाच्या जठराचं काम माशीत आतड्याच्या मधोमध होतं. बाकीच्या भागांत पचवणाऱ्या मोठ्या एंटरोसाइट पेशी, अधूनमधून हार्मोन सोडणाऱ्या पेशी, आणि तळाशी छोट्या मूळ पेशी. या मूळ पेशी माशीच्या आतड्यात आहेत हे २००६ साली ‘नेचर’मध्ये एकाच वेळी दोन गटांनी दाखवलं. त्याआधी प्रौढ माशीचं आतडं नवीन पेशी बनवत नाही असंच मानत होते.

आरएनएचा भाग नागपूरला झाला, तिथल्या एका प्रयोगशाळेने यंत्र वापरू दिलं. आतड्यातला आरएनए टिकवणं अवघड असतं, कारण पचवण्याच्या विकरांत आरएनए तोडणारीही असतात. आतडं काढलं की लगेच आरएनए टिकवणाऱ्या आरएनएलेटर द्रावणात टाकलं, नळ्या बर्फाच्या थर्मासमध्ये, आणि थर्मास मांडीवर घेऊन एसटीने नागपूर. तिथे आरएनए काढला, त्याचा सीडीएनए, म्हणजे डीएनए नक्कल, केला आणि क्यूपीसीआर हे डीएनए वाढवत मोजणारं तंत्र लावलं. यात दर चक्रात डीएनए दुप्पट होतो. जो नमुना आधी वर उठतो त्यात मूळ आरएनए जास्त. एक चक्र आधी म्हणजे दुप्पट, दोन चक्रं आधी म्हणजे चौपट. तुलनेसाठी आरपी४९ हे जनुक घेतलं, राइबोसोमच्या प्रथिनाचं, ताणाने सहसा न हलणारं.

पडद्यावर आलेख उठायला लागले तेव्हा सगळे यंत्राभोवती गोळा झाले होते. आरपी४९ च्या रेघा एकमेकींवर. बास्केटच्या रेघा, विष दिलेल्या आणि न दिलेल्या, जवळपास एकमेकींवर. पकर्डच्या मात्र वेगळ्या झाल्या आणि विष दिलेल्या माश्यांची आधी उठली. वहीत लिहिलेलं समोर आलं होतं. परत येताना कळंबपर्यंत मुलं एसटीत त्यावरच बोलत होती. एकाने विचारलं, ‘मॅडम, मंग नुसता बास्केटचा आरएनए मोजून कोणी लिहून टाकलं, की पॅराक्वाटनं जेएनकेवर काही फरक पडत नाही, तं?’ असं चुकीचं लिहिलं जाऊ शकतं, आणि म्हणूनच कायनेजबद्दल वाचताना काय मोजलं ते आधी बघायचं, असं मी त्याला सांगितलं. त्याचा प्रश्न मला त्या आलेखांइतकाच मोलाचा वाटतो.

पण क्यूपीसीआरमध्ये अख्खी आतडी एकत्र भरडली जातात. कोणत्या पेशीत, कोणत्या टोकाला, हे त्यातून कळत नाही. फॉस्फेट चिकटलेलं जेएनके ओळखणारी अँटिबॉडी मिळते, पण ती महाग, थंडच राहायला हवी, आणि वर फ्लोरेसन्स सूक्ष्मदर्शक. निळा रंग आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो.

रंग द्यायला आतडी आधी सौम्य ग्लुटाराल्डिहाइडमध्ये थोडा वेळ ठेवायची. जास्त वेळ ठेवली तर विकरच मरतं. मग धुऊन एक्स-गाल, सोबत पोटॅशियमचे फेरीसायनाइड आणि फेरोसायनाइड, आणि ३७ अंशांवर अंधारात. इथे आतड्याची स्वतःची एक अडचण आहे. माशीकडे स्वतःचंही बीटा-गॅलॅक्टोसिडेज असतं, आणि ते मधल्या आतड्यात भरपूर असतं. लॅकझेड नसलेली साधी माशी घेतली तरी तिचं आतडं निळसर होतं. हे माहीत नसलं तर प्रत्येक आतड्यात जेएनके चालू दिसेल. आम्ही दोन गोष्टी केल्या. माशीच्या विकराला आम्लता मानवते, म्हणून द्रावण आम्लाकडे झुकू दिलं नाही. आणि प्रत्येक खेपेला साध्या ओरेगॉन-आर माश्यांची आतडी त्याच ताटलीत, त्याच द्रावणात, तेवढाच वेळ ठेवली. शिवाय लॅकझेडचं प्रथिन या वाणात केंद्रकात जाऊन बसतं. त्यामुळे खरा डाग म्हणजे नीट कडा असलेला गोल ठिपका, आणि माशीचा स्वतःचा रंग पसरट, ढगाळ. एकदा फरक डोळ्यात बसला की गोंधळ होत नाही.

साखरेच्या पाण्यावरच्या माश्यांत ठिपके विरळ होते, मुख्यतः पुढच्या टोकाला. पॅराक्वाट दिलेल्यांत ते मधल्या आतड्याच्या मागच्या अर्ध्या भागात दाटीने दिसले, मोठ्या केंद्रकांत ठळक आणि मधूनमधून लहान केंद्रकांतही. मोठी केंद्रकं एंटरोसाइटची. २००९ पासून हे माहीत आहे की ताण पडलेली एंटरोसाइट शेजारच्या मूळ पेशींना रासायनिक संदेश पाठवते, मूळ पेशी विभागतात आणि गेलेल्या पेशीची जागा भरली जाते. एरवी मादीच्या मधल्या आतड्याचं अस्तर आठवड्या-दोन आठवड्यांत बदलतं. मार बसला की फार लवकर.

कापूस बाजारात नेलेल्या दिवशी बाबा कॉलेजात आले होते. त्यांना स्टुलावर बसवून सूक्ष्मदर्शक लावून दिला. डोळा जुळवायला वेळ लागला, मग बराच वेळ पाहत राहिले.

‘हे निळं हाय ते मेलं काय व?’

मी म्हटलं, ‘नाही बाबा, निळं ते जितं हाय. त्याले विष लागलं हे त्याले समजलं, म्हणून निळं झालं. मेलेलं पाहाले दुसरा रंग लागते.’ ट्रिपॅन ब्लूच्या पट्ट्या काढून दाखवल्या. त्यात जिवंत पेशी रंग आत घेत नाही, पडदा फाटलेलीच निळी होते.

‘मंग आपल्या पोटातबी असंच होते काय?’

यावर मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. आपल्या आतड्याचं अस्तरही सतत बदलतं, तीन ते पाच दिवसांत. आपल्याकडेही जेएनके आहे, ताणाला ते उठतं, आणि ही साखळी माशीपासून माणसापर्यंत टिकून आहे. पण माशीला दिलेल्या विषाच्या मात्रेवरून फवारणी करणाऱ्या माणसाच्या पोटात किती जातं आणि काय होतं, हे काढता येत नाही. पॅराक्वाट माणसात फुप्फुसात जाऊन साठतं, माशीला फुप्फुसंच नाहीत. पंपाच्या टाकीत हात घालू नका, वाऱ्याच्या तोंडाने फवारू नका, गळका पंप पाठीवर घेऊ नका, हे सांगायला माशीची गरज नाही. ते मी त्यांना आधीपासूनच सांगते. ते ‘हो’ म्हणतात. यंदा त्यांनी पंपाचा वायसर बदलला आहे आणि अंगभर कपडा घातल्याशिवाय फवारायला जात नाहीत.

आता पुढचं काम किडींवरच्या औषधांचं. लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेत एचएसपी७० या ताणात चालू होणाऱ्या जनुकाला लॅकझेड जोडलेल्या माश्यांवर कीटकनाशकं तपासली गेली आहेत, त्यात अळ्यांच्या आतड्यातला निळा रंगही पाहिलेला आहे. तो वाण आणि आमचा पकर्डचा वाण शेजारी-शेजारी ठेवून, २०१७ साली ज्यांची चर्चा झाली त्या गटातलं एखादं औषध अगदी सौम्य मात्रेत द्यायचं आहे. प्रोफेनोफॉससारखी औषधं मज्जासंस्थेवर काम करतात. तिथे आतड्यातलं जेएनके उठतं की नाही, आणि उठलं तर आधी कुठल्या भागात, हे पाहायचं आहे. यंदाच्या बॅचमधल्या दोन मुलींनी ते काम मागून घेतलं आहे.

ज्या कॉलेजांत जनुक बदललेल्या माश्यांची परवानगी अजून नाही, त्यांनीही थांबू नये. केळ्याच्या सालीवर आलेली चिलटं पकडा, ब्रोमोफिनॉल ब्लू द्या आणि आम्लाचा पिवळा पट्टा दाखवा. ट्रिपॅन ब्लूने मेलेल्या पेशी दाखवा. खाण्यात मिठाईचा ब्रिलियंट ब्लू हा निळा रंग घाला. आतडं शाबूत असलेल्या माशीत तो आतड्यापुरताच राहतो, आतडं झिरपायला लागलेल्या म्हाताऱ्या माशीत अंगभर पसरतो, आणि अशी अंगभर निळी झालेली माशी पुढे फार दिवस जगत नाही. एक भिंग, दोन चिमटे आणि रुईचं बूच लावलेल्या नळ्या एवढ्यावर हे होतं. मुलांनी एवढं स्वतःच्या हाताने केलं की मग कायनेजचा धडा उघडावा.